दुपारच्या सत्राची सही

डोळे मिटा बघू जरा. मिटले तर वाचणार कसं म्हणता? बरं, उघडेच ठेवा, पण कल्पना मात्र करा.

एक मोठा दवाखाना आहे. भिंती कमरेपर्यंत हिरव्या, वर पांढऱ्या. तळमजल्याच्या टोकाला एक खोली. खोलीत एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि बसलं की कुरकुरणाऱ्या आठ खुर्च्या. तुमचं वय अकरा. शाळा सुटल्यावर तुम्ही तडक इथे आला आहात, दप्तर मांडीवर आहे आणि समोर तुमचे बाबा तोंड मिटून बसले आहेत. त्यांच्या जिभेखाली एक छोटीशी गोळी आहे. ती पुरती विरघळेपर्यंत, म्हणजे चांगली दहा मिनिटं, त्यांनी बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, काही गिळायचं नाही.

बाबा दहा मिनिटं बोलू शकत नाहीत! आता तुम्ही काय कराल?

आपल्या गोष्टीतली मुलगी काय करायची ते ऐका. एका जागी म्हणून तिचा पाय ठरत नसे, म्हणून घरात आणि दवाखान्यात सगळे तिला भिंगरी म्हणत. ही भिंगरी आठवडाभराचे सगळे गुन्हे त्या दहा मिनिटांत कबूल करून टाकायची.

"बाबा, गणितात पंचवीसपैकी नऊ."

बाबांच्या भुवया वर.

"बाबा, तुमचा मोजायचा टेप मी शाळेत नेला होता. तो आता गुंडाळला जात नाही."

बाबांचे डोळे मोठे. हाताचं बोट उगारलेलं. पण तोंड घट्ट बंद.

गोळी विरघळेपर्यंत बाबांचा रागही विरघळलेला असायचा. मग ते एवढंच म्हणायचे, "तू घरी चल, मग बघतो." आणि घरी गेल्यावर काही बघायचे नाहीत.

बाबा फरशी बसवण्याचं काम करत. तीन वर्षांपूर्वी फरश्यांची चळत खांद्यावर घेऊन जिना चढताना त्यांचा पाय घसरला आणि पाठीला जबर मार बसला. दुखणं थांबावं म्हणून डॉक्टरांनीच गोळ्या दिल्या. दुखणं कमी झालं, पण शरीराला त्या गोळ्यांची सवय लागली. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. मग डॉक्टरांनी एक दिवस त्या बंद केल्या आणि हात झटकले. शरीर काही हात झटकत नाही. ते मागतच राहिलं. बस थांब्यामागे एक माणूस तशीच गुंगी देणारी पुडी विकायचा, तो बाबांना तेव्हा भेटला.

पुढच्या दोन वर्षांबद्दल भिंगरी कुणाशी बोलत नसे. बाबांनी आपलं फरशी कापायचं यंत्र विकलं. तिच्या वाढदिवसाला ते आलेच नाहीत, आणि आले तेव्हा भिंतीला धरून आले. त्या दिवसापासून तिने त्यांना 'बाबा' म्हणणं सोडलं होतं. "ए" म्हणायची. बाबा "ओ" द्यायचे, याची तिला आणखीच चीड यायची.

त्या खड्ड्यातून बाबांना वर काढलं ते जिभेखालच्या गोळीने. तिचं खरं नाव ब्युप्रेनॉर्फिन. पण एवढं नाव घेईपर्यंत गोळी विरघळून जाईल, म्हणून सगळे तिला 'जिभेखालची' म्हणत. ती देणाऱ्या डॉक्टरबाई म्हाताऱ्या होत्या, हळू चालायच्या, प्रत्येकाजवळ बसून विचारपूस करायच्या. आणि कपाटाची किल्ली असायची सिस्टरकडे. ही सिस्टर म्हणजे भिंगरीची सख्खी आत्या, बाबांची मोठी बहीण.

लोक म्हणायचे, "एक व्यसन सोडलं, दुसरं धरलं! गोळी काय नि पुडी काय."

आत्या हे ऐकलं की पेटायची. "तुमच्या डोळ्यांवर चष्मा आहे ना? रोज लावता ना? मग तुम्ही चष्म्याचे व्यसनी झालात का? तो माणूस सकाळी उठतो, कामावर जातो, पोरीचा अभ्यास घेतो. पुडीवर असताना यातलं एक तरी करत होता का?"

आठ महिने झाले, बाबा रोज कामाला जात होते.

आणि डॉक्टरबाई निवृत्त झाल्या.

आता दवाखान्याचा नियम ऐका. जिभेखालची गोळी कशी द्यायची याचं दिवसभराचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरच्या सहीशिवाय ते कपाट उघडायचं नाही. डॉक्टरबाईंखेरीज ते कुणीच घेतलेलं नव्हतं. त्यांच्या जुन्या सहीवर महिनाअखेरपर्यंत चालणार होतं. तोवर दुसरा कुणी तयार झाला नाही तर कपाटाची परवानगीच रद्द होणार होती. आत्याने अर्ज केले, फोन केले, वरून शिकवण्याचं साहित्य मागवलं आणि एका रविवारी प्रशिक्षण ठेवलं. शिकवणार ती स्वतः, कारण आठ वर्षं डॉक्टरबाईंच्या हाताखाली काम करून तिला सगळं येत होतं. फक्त तिच्या सहीला किंमत नव्हती.

त्या रविवारी भिंगरीची आई कारखान्यात शिवणकामाला गेली होती, बाबा एका घरी फरशीच्या कामावर होते, म्हणून भिंगरी आत्याबरोबर गेली. दोघींनी मिळून तीस खुर्च्या मांडल्या. आले चौदा जण. तीन डॉक्टर, काही नर्सा, एक कंपाउंडर, बाकी असेच.

सगळ्यांत पुढे होते घाईवाले डॉक्टर. हे नाव रुग्णांनी ठेवलेलं. ते रुग्णाकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत. हजेरीच्या कागदावर दोन रकाने होते, एक सकाळच्या सत्राचा, एक दुपारच्या. डॉक्टरांनी पेन काढलं आणि पहिल्या रकान्यात सही केली. मग त्याच दमात दुसऱ्यातही केली.

"अहो डॉक्टर, ती दुपारची," आत्या म्हणाली.

"आत्ताच करून ठेवतो. नंतर गडबड नको. तुम्हाला सह्याच हव्यात ना, सिस्टर? घ्या, झाल्या!"

मागचे सगळे हसले. आणि एकामागून एक सगळ्यांनी दोन्ही रकान्यांत सह्या ठोकल्या.

आत्याने दुपारच्या रकान्याकडे एकदा बघितलं आणि ती फळ्याकडे वळली.

सकाळचं सत्र म्हणजे व्यसन हा आजार कसा आहे, हे. त्यात मागच्या रांगेत दोघं झोपले. चहा झाला, जेवण झालं. जेवणानंतर खोलीत तीस खुर्च्या होत्या आणि एक माणूस. तो कंपाउंडर. त्यानेही दारात घुटमळून विचारलं, "सिस्टर, मी निघू का? मी आपला गोळ्या मोजून देणारा. उपचार थोडाच करतो?" उत्तर यायच्या आत तो गेला.

आत्या हातात पेन धरून फळ्यासमोर उभी होती. भिंगरीला वाटलं, आता ती रडणार. पण ती रडली नाही. तिने खाडकन दार लावलं आणि म्हणाली, "बस पुढे."

"मी?"

"मग कोण? दुपारचं सत्र आहे. शिकवायचं ठरलंय म्हणजे शिकवणार. बस!"

भिंगरी बसली. आत्या रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "हा मेंदू समज. या त्यातल्या खुर्च्या. पुडीचं औषध येतं आणि या खुर्च्यांवर चढून धिंगाणा घालतं. माणसाला मजा वाटते. मग धिंगाणा उतरतो, खुर्च्या रिकाम्या होतात आणि मेंदू बोंबलायला लागतो. अंग मोडून येतं, नाक गळतं, पोटात पिळवटतं. कळलं?"

"कळलं."

"आपली गोळी काय करते? ती येते आणि शहाण्या पाहुण्यासारखी गप्प बसते. धिंगाणा नाही, बोंबही नाही. आणि ती अशी ठाण मांडते की पुडीला बसायला जागाच मिळत नाही. आता सांग, खुर्च्यांवर पुडी अजून बसलेली असताना ही गोळी दिली, तर?"

भिंगरीने विचार केला. "भांडण?"

"भांडण कसलं, धुमाकूळ! ही गोळी ताकदीने मोठी. ती सगळ्यांना एका झटक्यात खाली ओढते. जे दोन दिवसांत हळूहळू व्हायचं ते अर्ध्या तासात होतं. माणूस ओकतो, थरथरतो, त्याला वाटतं आपण मरतोय. आणि तो या खोलीत पुन्हा कधी पाऊल ठेवत नाही. म्हणून नव्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारायचा?"

"काय?"

"शेवटचं कधी घेतलंस? नाव विचारायला विसरलीस तरी चालेल, हे विसरायचं नाही. बारा तास तरी व्हायला हवेत, कधी त्याहून जास्त. आणि नुसतं त्याच्या सांगण्यावर जायचं नाही. त्याचं अंग बोलतं ते बघायचं. जांभया येतायत का, काटा आलाय का, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात का. नसेल तर त्याला बसवून ठेवायचं. चहा पाजायचा, गप्पा मारायच्या. पण गोळी द्यायची नाही. म्हण."

भिंगरीने म्हणून दाखवलं. आत्याने तिच्याकडून ते पाढ्यासारखं चारदा म्हणून घेतलं. मग ती स्वतः रुग्ण झाली आणि भिंगरीला डॉक्टर केलं. चार वाजेपर्यंत एक मिनिट कमी न करता ते सत्र चाललं.

शेवटी आत्याने हजेरीचा कागद पुढे ओढला. तळाशी छापलं होतं, 'वरील सर्वांचे प्रशिक्षण पूर्ण झाले आहे.' त्याखाली तिची सही हवी होती. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं.

"आत्या, पण झालंच नाही ना पूर्ण?"

"कपाट उघडं राहायला हवं, भिंगरे," आत्या म्हणाली. आणि तिने सही केली.

पंधरा दिवस काही बिघडलं नाही. घाईवाल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत कपाटाच्या खोलीत लागलं. जुन्या रुग्णांचं त्यांना करायचं तरी काय होतं? आत्या कागद पुढे करायची, ते सही करायचे.

मग एका मंगळवारी एक नवा मुलगा आला. असेल वीस-एकवीसचा. हातात ब्रशांची बादली, कपड्यांवर पिवळ्या रंगाचे शिंतोडे. घरं रंगवायचा. आत्या कपाट उघडून, किल्ली डॉक्टरांकडे देऊन वरच्या मजल्यावर एका रुग्णाला सलाईन लावायला गेली होती. बाबा आणि आणखी दहा जण आपापल्या गोळीसाठी रांगेत होते, आणि दाराशी भिंगरी होती.

"मला हे सोडायचंय, डॉक्टर," रंगारी म्हणाला. त्याला बोलायला किती धीर लागला असेल, ते त्याच्या आवाजावरून कळत होतं. तो अगदी टवटवीत दिसत होता. ना जांभई, ना नाक गळणं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"छान, छान. आ कर. जीभ वर," डॉक्टरांनी गोळी पुढे केली.

भिंगरी दाराशी थांबली नाही. तिने आत पाऊल टाकलं. "डॉक्टर, शेवटचं कधी घेतलं ते आधी विचारायचं असतं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "तू कोण गं?"

"बारा तास व्हायला लागतात. त्यांच्या बाहुल्या बघा, किती बारीक आहेत!"

"घ्या! आता पोरंटोरं आम्हाला डॉक्टरी शिकवणार." ते रांगेकडे बघून हसले, आणि रांगेतले दोघंतिघं भिडेखातर हसले. "हे भिंतीवर काय लावलंय ते वाचता येतं का? जा, बाहेर खेळ."

आणि त्यांनी रंगाऱ्याच्या जिभेखाली गोळी ठेवली.

पुढचं सगळं सांगत नाही. तुम्ही लहान आहात, आणि मोठ्यांनाही ते बघवलं नाही. अर्ध्या तासात तो मुलगा जमिनीवर होता, गुडघे छातीशी घेऊन. ओकून ओकून त्याच्या पोटात काही उरलं नव्हतं. बाबा रांग सोडून त्याच्याजवळ बसले, त्याचं डोकं धरलं.

"काय दिलंत मला?" तो ओरडत होता. "विष दिलंत! मी सोडायला आलो होतो आणि तुम्ही विष दिलंत!" आणि जरा उठता आलं तसा भिंतीला धरत धरत तो निघून गेला. ब्रशांची बादली तिथेच राहिली.

आता डॉक्टरांनी काय करावं? चुकलो म्हणावं? छे. चोराच्या उलट्या बोंबा! त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'औषध सोसले नाही. रुग्णाचे सहकार्य नाही.' मग कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि जाहीर केलं, "हे औषधच धोक्याचं आहे. चौकशी होईपर्यंत बंद. सगळ्यांनी घरी जा. मन घट्ट करा. मनावर घेतलं तर काय जमत नाही?"

अकरा माणसं रिकाम्या तोंडाने उभी राहिली.

आत्या धावत खाली आली तेव्हा सगळं झालेलं होतं. तिने केसपेपर वाचला. "शेवटचं कधी घेतलं होतं त्याने?"

"सिस्टर, तुम्ही मला जाब विचारताय?"

"एवढंच विचारतेय. इथे चौकोन छापलाय, 'शेवटचा डोस कधी'. तो कोरा का आहे?"

"मी प्रशिक्षित आहे. तुम्हीच सही केलीय तशी."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. तिने केसपेपर टेबलावर ठेवला आणि भिंगरीचा हात धरून ती बाहेर पडली.

बुधवारी बाबांना जांभया सुरू झाल्या. ते कामावर गेले, दुपारीच परत आले. "फरशी सरळ रेषेत दिसत नाहीये," म्हणाले. संध्याकाळी त्यांच्या हातांवर काटा उभा होता आणि कपाळावर घाम. फोन वाजला. बाबांनी नंबर बघितला, आणि भिंगरीनेही बघितला. तो नंबर नावाशिवाय होता, पण दोघांना पाठ होता. बस थांब्यामागचा माणूस. अशा माणसांना बातमी कशी पोचते कोण जाणे. कपाट बंद झाल्याचं त्याला कळलं होतं.

बाबांनी फोन वाजू दिला. मग तो भिंगरीच्या हातात दिला. "हा तुझ्याजवळ ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस. ओरडलो तरी देऊ नकोस."

"आणि रडलात तर?"

बाबा हसायला गेले, पण त्यांचं हसू अर्ध्यातच वाकडं झालं. "तर नक्कीच देऊ नकोस."

तिने फोन दप्तरात टाकला आणि दप्तर घट्ट पोटाशी धरलं. आठ महिन्यांपूर्वी तिला बाबांचा राग यायचा. आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण बाबांवर नव्हे. एक माणूस एवढा जोर लावून काठावर उभा आहे, आणि ज्यांनी हात द्यायचा त्यांनी तो खिशात घातलाय, किल्लीसकट!

गुरुवारी सकाळी बाबांना उठवत नव्हतं. आत्या त्यांना बघायला आली, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "आजचा दिवस कळ काढ. आज मी कपाट उघडून आणते."

"ताई, तुझी नोकरी," बाबा म्हणाले.

"नोकरी गेली तर मिळेल दुसरी. भाऊ एकच आहे, तोही असा नग."

भिंगरी शाळेत गेली नाही. ती आत्याच्या मागून दवाखान्याच्या अधीक्षकांच्या खोलीत शिरली आणि कुणी हाकलायच्या आत दाराशेजारच्या स्टुलावर बसली. अधीक्षक केस पिकलेले, शांत गृहस्थ होते. घाईवाले डॉक्टर आधीच तिथे होते, आणि औषधांचा हिशेब द्यायला बोलावलेला कंपाउंडरही.

आत्याने हजेरीचा कागद टेबलावर ठेवला. "साहेब, हे प्रशिक्षण अर्धंच झालंय. दुपारच्या सह्या सकाळी झाल्यात. गोळी केव्हा द्यायची आणि केव्हा नाही, हे दुपारी शिकवायचं होतं. तेव्हा खोलीत यांतलं कुणी नव्हतं."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "तळाशी सही कुणाची आहे, बघा साहेब. 'प्रशिक्षण पूर्ण झाले आहे.' आणि ज्यांची गोळी बंद झाली त्यांत यांचा सख्खा भाऊ आहे. म्हणजे समजा काय ते."

"सही माझीच आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "खोटी सही केली मी. वाटलं, कागद पुरा झाला की कपाट उघडं राहील. त्याची जी शिक्षा असेल ती द्या. पण त्या पोराचे हाल औषधाने नाही केले, आमच्या सह्यांनी केले. आणि अकरा माणसं आज तिसऱ्या दिवशी तडफडतायत. औषध आत आहे, किल्ली यांच्या खिशात आहे आणि हे सांगतायत, मन घट्ट करा!"

अधीक्षकांनी कागद उलटसुलट केला. "सिस्टर, तुमच्याविरुद्ध तुमचाच कागद आहे. दुपारी खोलीत कोण होतं, याला दुसरा कुणी साक्षी?"

डॉक्टर घड्याळ बघू लागले. कंपाउंडर आपल्या चपलांकडे बघू लागला. सही त्याचीही होती. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच.

"मी होते," भिंगरी स्टुलावरून उठली.

"ही कोण?"

"सिस्टरची भाची," डॉक्टर म्हणाले. "हिला काय कळतंय?"

"मी दुपारी चार वाजेपर्यंत होते. तीस खुर्च्या होत्या आणि मी एकटी होते. मला सगळं येतं. विचारा!"

अधीक्षकांनी चष्मा काढला. "बरं. नवा माणूस आला. पहिला प्रश्न?"

"शेवटचं कधी घेतलंस."

"का?"

भिंगरीने सांगितलं. खुर्च्या, धिंगाणा, शहाणा पाहुणा, बारा तास, जांभया, काटा, बाहुल्या. बोलता बोलता तिचे कान लाल झाले, आवाज फुटला. "आणि मी मंगळवारी हे सांगितलं होतं! त्यांना म्हटलं होतं, विचारा म्हणून! त्यांनी मला खेळायला जा म्हणून सांगितलं!"

अधीक्षकांनी रंगाऱ्याचा केसपेपर मागवला, कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "डॉक्टर, या मुलाने शेवटचं कधी घेतलं होतं?"

"ते... तेव्हा एवढी गर्दी होती..."

"मी गर्दीचं नाही विचारलं."

डॉक्टरांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. तेवढ्यात कंपाउंडर हळूच म्हणाला, "साहेब, दुपारी मीही नव्हतो. जेवून घरी गेलो होतो."

अधीक्षकांनी फोन उचलला आणि निवृत्त डॉक्टरबाईंना लावला. त्या पलीकडून एवढ्या मोठ्याने बोलल्या की सगळ्यांना ऐकू आलं, "अहो, कुलूप कसलं लावताय! जुन्या माणसांना आधी गोळ्या द्या, बोलणं मागाहून करा. डॉक्टरांनी सही करावी, काय करायचं ते मी फोनवर सांगते. आणि रविवारी मी स्वतः येते शिकवायला. जेवायच्या सुट्टीत दाराला कडी लावा!"

किल्ली टेबलावर आली. आत्याला खोट्या सहीबद्दल मेमो मिळाला, पगारवाढ थांबली. डॉक्टरांना काय मिळालं ते कुणाला कळलं नाही. बहुधा काहीच नाही. असं का, म्हणून विचाराल, तर त्याचं उत्तर तुम्ही मोठे झाल्यावर साहेबांच्या त्या खुर्च्यांवर बसाल तेव्हा तुम्हीच द्यायचं आहे.

तासाभरात शेजाऱ्याच्या रिक्षातून बाबा आले. आत्याने त्यांना तपासलं, जिभेखाली गोळी ठेवली. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले. हळूहळू त्यांच्या खांद्यांचा ताठरपणा उतरू लागला. एकेक करून बाकीचेही आले. कुणी म्हणालं, "चला, सुटलो." कंपाउंडर सगळ्यांसाठी चहा सांगायला गेला. सगळ्यांचे चेहरे असे, की जणू गोष्ट संपली.

भिंगरीला मात्र बसवेना. "आत्या, रंगाऱ्याचं काय?"

आत्याचा हात थांबला. "त्याला मी काल दोनदा फोन केला गं. दवाखान्याचं नाव ऐकलं की त्याची आई फोन ठेवते. म्हणते, ज्यांनी केलं त्यांना बोलायला सांगा."

भिंगरी वळली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. ते बॅग भरत होते.

"रंगाऱ्याच्या घरी फोन करा," ती म्हणाली.

"तो येईल आपणहून, यायचा तेव्हा."

"नाही येणार. त्याला वाटतंय ही गोळी विष आहे. तो पुन्हा पुडीच घेणार. तुम्ही सांगा त्याच्या आईला."

"बाळ, मला उशीर होतोय."

भिंगरीने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. ती, जिचा पाय एका जागी ठरत नसे. डॉक्टर रागावले, मग समजावू लागले, मग घड्याळ बघू लागले. ती हलली नाही. शेवटी त्यांनी केसपेपर ओढला आणि नंबर लावला.

"हां... मी डॉक्टर बोलतोय. तुमचा मुलगा... म्हणजे परवा जे झालं ते..." त्यांनी फोन कानापासून लांब धरला. पलीकडे एक बाई रडत, ओरडत होती.

भिंगरीने पुढे होऊन त्यांच्या हातातला फोन घेतला.

"काकू, ठेवू नका. माझे बाबा हीच गोळी घेतात, आठ महिने झाले. गोळी चांगली आहे. त्याला चुकीच्या वेळी दिली गेली. त्याची काही चूक नव्हती, डॉक्टरांनी विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. डॉक्टर इथेच आहेत, आता ते तुम्हाला हेच सांगणार आहेत."

आणि तिने फोन परत डॉक्टरांच्या कानाला लावला, आणि तिथेच धरून ठेवला.